नव्या सर्पाचा उपवास

सर्प घरांत पाळावा ही कल्पनाच मराठी माणसाच्या अंगावर कांटा आणणारी आहे. नागपंचमीस ज्याची पूजा करावयाची त्यालाच इतर दिवशीं काठीनें ठेंचावयाचें, या दोहोंखेरीज तिसरा संबंध आपल्याकडे फारसा कोणी ठेवला नाहीं. शिवाय येथील रानांतले सर्प पकडून बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. इंग्लंड-अमेरिकेंत मात्र सर्प रीतसर विकत मिळतो. आणि पुष्कळ मराठी कुटुंबांतील लेंकी-सुना व नातवंडें आज त्या देशांत असल्यामुळें हा विषय अगदींच परका राहिलेला नाहीं.

तिकडे पाळल्या जाणाऱ्या सर्पांत ‘बॉल पायथन’ फार लोकप्रिय आहे. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांतील लहानसा, बिनविषारी अजगर. लांबी बहुधा तीन ते पांच फूट. भय वाटलें म्हणजे डोकें मध्यें घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हें नांव पडलें. स्वभावानें गरीब, परंतु एका बाबतींत मोठा हट्टी. नव्या घरीं आला कीं तो अन्न घेईनासा होतो. एक आठवडा जातो, दुसरा जातो. समोर ठेवलेल्या उंदराकडे तो ढुंकूनही पाहत नाहीं. मालक घाबरतो. रोज नवें भक्ष्य पुढें करतो, सर्पाला हातांत घेऊन चांचपतो, पेटी या खोलींतून त्या खोलींत नेतो. आणि या काळजीमुळेंच उपवास लांबत जातो.

याचें कारण सर्पाच्या शरीरांत आहे. आपण खातों त्यांतील बराच भाग अंगाची ऊब राखण्यांत खर्च होतो. सर्पाला हा खर्च नाहीं. तो ऊब बाहेरून घेतो. म्हणून धडधाकट मोठा अजगर कांहीं महिने अन्नावांचून सहज राहूं शकतो. उलट खाणें हेंच त्याला मोठें कार्य असतें. बर्मी अजगरांवर अमेरिकेंत जे प्रयोग झाले त्यांत असें दिसून आलें कीं, भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या लहान आंतड्याचें वजन जवळजवळ दुप्पट होतें. आणि हृदयही ४८ तासांत सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. एवढा खटाटोप ज्याला करावयाचा, तो जागा सुरक्षित आहे आणि पुरेशी ऊब आहे अशी खात्री पटल्यावांचून त्यांत कसा पडेल? पोट भरलेला सर्प धड पळूंही शकत नाहीं. थंडींत गिळलेलें भक्ष्य पचत नाहीं. तें पोटांत कुजतें आणि शेवटीं उलटून पडतें.

तेव्हां उपाय उंदरापासून नव्हे, पेटीपासून सुरू करावयाचा. पेटीचें एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस व दुसरें २५ ते २७ अंश असावें; म्हणजे सर्प स्वतःच आपली जागा निवडतो. अंदाज हातानें करूं नये, तापमापक ठेवावा, आणि उष्णतेच्या साधनाला नियंत्रक असावा. मूळ देशांत हा प्राणी दिवस उंदरांच्या बिळांत व वारुळांत काढतो. म्हणून दोन्ही टोकांस एकेक अंधारी ढोली हवी, आणि तीही इतकी अरुंद कीं त्याच्या अंगाला चारी बाजूंनीं टेकावी. मोठी, उघडी, दिव्यानें झगझगणारी पेटी पाहुण्यांना शोभिवंत दिसते, सर्पाला मात्र ती उघड्या माळासारखी वाटते. पिण्यास स्वच्छ पाणी सदैव असावें. दूध मुळींच नको. गारुड्याचा नाग दूध पितो तो त्याला कित्येक दिवस तहानेला ठेवलेला असतो म्हणून. एवढी व्यवस्था झाली कीं निदान एक आठवडा सर्पाला हात लावूं नये. घरांतील मुलांना हें पटविणें हाच या प्रकरणांतला सर्वांत कठीण भाग होय.

आठवड्यानें भक्ष्य द्यावें, तें संध्याकाळ उलटल्यावर. तें सर्पाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षां जाड नसावें. दुकानांत गोठविलेले उंदीर मिळतात. ते पूर्ण वितळवून, मग गरम पाण्यांत ठेवून, कोरडे करून द्यावे. ही ऊब महत्त्वाची आहे. या अजगराच्या ओठांवर बारीक खांचा असतात. त्यांच्या योगानें अंधारांतही त्याला उष्ण प्राण्याची चाहूल लागते. थंड उंदीर त्याच्या लेखीं भक्ष्यच नव्हे. लांब चिमट्यानें तो किंचित् हलवीत पुढें धरावा. न घेतल्यास ढोलीच्या तोंडाशीं ठेवून दिवा मालवावा व निघून जावें. सकाळीं तसाच असेल तर फेंकून द्यावा आणि पुन्हां आठवडाभर नांव काढूं नये. जिवंत उंदीर पेटींत सोडून झोपीं जाणें हा तर शुद्ध अविचार. भुकेला उंदीर निश्चल सर्पाला कुरतडून मोठ्या जखमा करतो.

विकत घेतांनाच दुकानदारास विचारावें, कीं याला आजवर काय दिलें, जिवंत कीं मेलेलें, शेवटचें खाणें कोणत्या तारखेस झालें. लहान उंदरांवर वाढलेला सर्प घुशीएवढ्या मोठ्या उंदरास ओळखीत नाहीं. आफ्रिकेंतून आलेल्यांची खोड तर याहून कठीण असते. घरीं पैदास झालेलें, नियमित खाणारें पिलूं दोन पैसे अधिक देऊनही घ्यावें. डोळे निळसर धुरकट झाले असतील तर कात टाकण्याची वेळ आहे असें समजून थांबावें. विणीच्या हंगामांत नरही खाणें सोडतात.

काळजी केव्हां करावी याचें उत्तर तराजू देतो. दर आठवड्यास वजन करून लिहून ठेवावें. वजन टिकून असेल तर उपवास चालूं द्यावा. तें दहावा हिस्सा घटलें, पाठीचा कणा वर आला, तोंडांत फेंस दिसला किंवा श्वासांत शिट्टी ऐकूं आली, तर सर्पांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावें. लहान पिलाच्या अंगीं सांठा थोडा असतो, म्हणून त्याच्या बाबतींत हें लौकर करावें. तोंड उघडून अन्न बळेंच कोंबण्याचा प्रयोग घरीं कोणीही करूं नये. त्यानें अन्ननलिकेला इजा होते, आणि जो सर्प आपण होऊन खाणार होता तोही बिथरतो.

पहिलें भक्ष्य पोटांत गेल्यावरही दोन दिवस त्याला उचलूं नये. पुढें पिलास आठवड्यानें व मोठ्यास दोन-तीन आठवड्यांनीं द्यावें, आणि कधीं उलटून पडलेंच तर निदान पंधरा दिवस पोटाला विसांवा देऊन मग अगदीं लहान भक्ष्यानें पुन्हां आरंभ करावा.