शिळे पेट्रोल व फवारणी यंत्र

हंगाम संपला की पेट्रोलवरील फवारणी यंत्र भरल्या टाकीनिशीच कोपऱ्यात ठेवले जाते. पुढे पिकावर कीड पडते आणि नेमके त्याच वेळी यंत्र सुरू होत नाही. साठलेल्या पेट्रोलातील हलका अंश उडून जातो व मागे राहिलेला चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते. पाणी अधिक झाल्यास दोन्ही पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी जातात.

म्हणून यंत्र महिनाभर वापरावयाचे नसल्यास, ते थंड असताना उघड्या जागी, विस्तवापासून दूर टाकी रिकामी करावी. नंतर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. आंबूस वासाचे, काळपट पेट्रोल विहिरीजवळ अगर ओढ्यात ओतू नये. चुलीत तर कदापि नाही. खरीप संपताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही दक्षता शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावी.