बिब्बा टांगणारे हात, बिब्बा फोडणारे हात

शनिवारी सकाळी पुण्याच्या मंडईच्या बाजूने एक चक्कर मारा. दुकान उघडले की मालक आधी दारावर एक दोरा टांगतो. त्यात एक लिंबू, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि एक काळाभोर बिब्बा ओवलेला असतो. कशासाठी? तर धंद्याला नजर लागू नये म्हणून! आदल्या शनिवारचा सुकलेला दोरा रस्त्यावर पडलेला असतो आणि तो ओलांडताना चांगले शिकलेले लोकसुद्धा पाय उचलून बाजूला होतात. या अंधश्रद्धेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज त्या दोऱ्यातल्या बिब्ब्याबद्दल बोलायचे आहे. कारण या बिब्ब्यात दृष्ट काढण्याची शक्ती नसली, तरी एक फार मोठे रसायनशास्त्र दडलेले आहे. आणि त्या रसायनशास्त्राच्या मागे कोणाचे तरी भाजलेले हात आहेत.

आपल्या भाषेत चांगल्या कामात विघ्न आणणाऱ्याला 'बिब्बा घातला' म्हणतात. म्हण उगाच पडत नाही. बिब्ब्याचा रस अंगाला लागला की कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग पडतात. पण याच बिब्ब्याच्या पोटात गोडंबी असते. डिंकाच्या लाडवात बदाम-खारकेबरोबर जी गोडंबी पडते, बाळंतिणीला जी कौतुकाने खाऊ घालतात, तीच ही. रविवार पेठेतल्या सुक्या मेव्याच्या दुकानात ती स्वच्छ, पांढरी, पिशवीत भरलेली मिळते. ती बिब्ब्यातून बाहेर कशी आली, कोणी काढली, हे विकत घेणारा विचारत नाही.

ती काढतात विदर्भ-मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या बाया. ज्यांच्या नावावर शेताचा तुकडा नाही, ज्यांना पाऊस संपल्यावर मजुरी नाही, अशा घरांतल्या बाया दगडावर बिब्बा ठेवून दगडानेच फोडतात. रस उडतो तो बोटांवर, मनगटावर, कधी डोळ्यांच्या कडेला. संरक्षण काय? हाताला थोडे तेल, नाहीतर चुलीतली राख. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबवायची सोय नाही.

माझी एक मावशी अशीच बिब्बे फोडून मुले वाढवून पुढे पुण्याच्या वस्तीत राहायला आली. तिच्या बोटांची टोके गुळगुळीत झाली होती, त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचे यंत्र आले, तेव्हा तिचा अंगठा उमटेना. तीन-तीन वेळा पुसून लावला, दुसरे बोट लावले, तरी यंत्र 'नाही' म्हणायचे. ती हसून म्हणाली, "आयुष्यभर राबले, त्याचा पुरावा म्हणून हे हात आहेत, आणि आता हेच हात म्हणतात की मी मी नाही." त्या वाक्याने मला हा लेख लिहायला लावले.

आता रसायनशास्त्र काय सांगते ते पाहू. बिब्बा, काजू आणि जपानमधले लाखेचे झाड ही तिन्ही एकाच वनस्पतिकुळातली भावंडे. तिन्हींच्या रसात फिनॉलसारखा एक गट असतो आणि त्याला कार्बनची लांब, तेलकट शेपटी जोडलेली असते. तेलकट शेपटीमुळे हा रस कातडीत सहज शिरतो. आत गेल्यावर तो कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीर त्याविरुद्ध पेटून उठते. हाच तो दाह. पण हाच रस हवेतल्या प्राणवायूशी किंवा दुसऱ्या रसायनाशी जुळला, की त्याचे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करतात, साखळ्यांची जाळी होते आणि कडक, पाणी न शिरणारा थर तयार होतो. यालाच आपण पॉलिमर म्हणतो, लेप म्हणतो, व्हार्निश म्हणतो. म्हणजे जो गुण बाईचा हात जाळतो, तोच गुण लाकूड आणि लोखंड वाचवतो. निसर्गाने दोन वेगळे गुण दिलेले नाहीत. कोणाच्या वाट्याला दाह आणि कोणाच्या वाट्याला लेप, ही वाटणी माणसांनी केलेली आहे.

जपानने आपल्या लाखेच्या रसाचा मान राखला. त्या लाखेची भांडी जगभर गेली, कारागिराला नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्या रसातल्या मुख्य घटकाची रचना शोधून काढण्यात वर्षे घालवली. आपल्याकडे बिब्ब्याचा रस चुना लावून कपड्यांवर खूण करायला परीट वापरत. धुतल्याने न जाणारी ही शाई पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सापडलेली होती. आजच्या भाषेत तो रंगरसायनातला शोधच. पण त्याचे श्रेय कोणाला नाही. उलट ज्याच्या हाताला ती शाई लागलेली असे, त्यालाच समाजाने खालच्या पायरीवर बसवले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक भारतात आले. त्यांच्या गणवेशावर परटांनी बिब्ब्याच्या खुणा केल्या आणि सैनिकांच्या मानेवर, कमरेवर पुरळ उठले. लगेच लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, रोगाला परटाच्या खुणेचे नाव दिले. परदेशी सैनिकाच्या मानेवर चार दिवस पुरळ आले तर त्याची वैद्यकशास्त्रात नोंद होते. ज्याने ती खूण जन्मभर केली त्याच्या हातांची नोंद कोणी घेतली?

काजूची गोष्टही तीच. कोकणात, गोव्यात, कोल्हापूरच्या चंदगड-आजऱ्याच्या पट्ट्यात काजूचे कारखाने आहेत आणि तिथे बी फोडणारे हात बहुतेक बायांचेच आहेत. काजूच्या टरफलात काळपट, जळजळीत तेल असते. ते तापवले की त्यातून मुख्यतः कार्डेनॉल नावाचा पदार्थ मिळतो. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे या रसायनज्ञाने १९२०-३० च्या दशकांपासून या तेलाच्या वापरावर एकामागून एक पेटंटे घेतली. फॉर्माल्डिहाइडशी संयोग करून त्याचे रेझिन होते, ते गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात जाते. त्यापासून बनवलेले कठीणक एपॉक्सी रंगांत घालतात. ओल्या आणि थंड हवेतही तो रंग वाळतो, म्हणून जहाजांना आणि बंदरातल्या लोखंडाला त्याचा लेप देतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून पोलाद सुरक्षित राहते. टरफल सोलणारीचा तळवा मात्र उघडाच.

पुण्याचा यात मोठा वाटा आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. सुरुवातीचे संचालक परदेशी होते. पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन १९५७ मध्ये आले. ते मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून आलेले रंगरसायनाचे जगन्मान्य पंडित. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ १९५२ पासून निघू लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. त्यांच्यानंतर १९६६ मध्ये संचालक झालेले बी. डी. टिळक हेही रंगांचेच रसायनज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी खेड्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरणारी संस्था पुण्यात उभी केली, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. पुढे पॉलिमर हा या प्रयोगशाळेचा बलस्थानी विषय झाला. २००० नंतरच्या दशकात प्रकाश वाडगावकर, एस. शिवराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काजूच्या टरफलाच्या तेलापासून बिसफिनॉल व इतर मूळ घटक बनवून त्यांपासून पॉलिकार्बोनेट, पॉलिएस्टर अशी उच्च दर्जाची पॉलिमरे तयार केली. त्या तेलातली पंधरा कार्बनची शेपटी पॉलिमरला लवचिकपणा देते, त्याला विरघळवणे आणि आकार देणे सोपे करते. खनिज तेलाऐवजी टरफलाच्या कचऱ्यातून असे प्लास्टिक बनू शकते, ही साधी गोष्ट नाही. त्याची पेटंटे सरकारी संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या नावे आहेत.

हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल आपल्याला आदरच आहे. विज्ञान हे शोषितांच्या बाजूचे हत्यार आहे, हे आपण जाणतो. पण म्हणूनच प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच. ही प्रयोगशाळा जनतेच्या पैशावर चालते. काडेपेटी घेताना बिब्बे फोडणारी बाईसुद्धा सरकारच्या तिजोरीत भर घालते. टरफलातल्या तेलाचे उत्तम पॉलिमर करणे ज्या देशाला जमते, त्याला ते तेल हाताला लागू न देणारा एक स्वस्त लेप करणे जमणार नाही काय? बिब्बा न उडता फुटेल असा पायाने चालवायचा साधा अडकित्ता गावोगाव पोहोचवणे जमणार नाही काय?

इथे एक साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४२. त्या वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामाचे तास, खाणीतल्या बायांचे बाळंतपण, कामगारांचे कल्याण हे विषय त्यांनी सरकारच्या टेबलावर आणले. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच सरकारात, सीएसआयआरची स्थापना झाली. कामगाराचे संरक्षण आणि देशाचे संशोधन हे दोन धागे एकाच साली, एकाच छताखाली सुरू झाले. ऐंशीहून अधिक वर्षे उलटली, पण या दोन धाग्यांची गाठ अजून नीट बसलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने रसायने आणि रंगांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला. आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. पण कारखान्याचा कायदा कारखान्याला लागतो. अंगणात दगड घेऊन बसलेल्या बाईचा कारखाना कोणता? तिचा मालक कोण? तिचा रोग कोणाला कळवायचा?

'हे व्यवहारात अवघड आहे' असे उत्तर लगेच येईल. त्यांना मतदानाच्या शाईची आठवण करून द्यावी. एका माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून न पुसणारी शाई हवी होती. सीएसआयआरच्याच दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने चांदीच्या क्षारावर आधारलेली शाई तयार केली. म्हैसूरच्या सरकारी मालकीच्या रंग-व्हार्निश कारखान्याने ती बनवली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आली. २०२४ च्या निवडणुकीत ९६ कोटींहून अधिक मतदारांच्या यादीसाठी तीच शाई देशभर गेली. दुर्गम पाड्यावर गेली, बेटावर गेली. गरिबातल्या गरीब बाईच्या बोटापर्यंत सरकारी प्रयोगशाळेतला शोध पोहोचला. कसा पोहोचला? मागणी करणारा निवडणूक आयोग होता, बनवणारा सरकारी कारखाना होता आणि पैसे देणारे सरकार होते. म्हणजे शोध लावणे हा अडथळा नव्हताच. कोणीतरी 'आम्हाला हे हवे आहे' असे अधिकाराने सांगावे लागते. बिब्बा फोडणाऱ्या बाईच्या वतीने हे सांगणारा आयोग नाही, हीच खरी अडचण आहे.

मग हे सांगायचे कोणी? वाचकहो, आपणच. मागण्या साध्या आहेत. बिब्बा आणि काजू फोडणाऱ्या घरगुती कामगार महिलांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि त्यांच्या हात-डोळ्यांची दरवर्षी मोफत तपासणी व्हावी. हातमोजे, संरक्षक लेप आणि फोडणी यंत्र यांसाठी सरकारने प्रयोगशाळांना ठरावीक मुदतीचे काम द्यावे. ते तयार झाल्यावर खरेदीही सरकारनेच करावी. प्रयोगशाळांच्या वार्षिक अहवालात पेटंटांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा: या वर्षी आमच्या संशोधनामुळे किती कामगारांचे हात वाचले? आणि ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा कामाने पुसल्या, त्यांचे रेशन यंत्राच्या 'नाही'वर अडू नये.

आणखी एक मागणी आपल्या समाजाकडे आहे. वस्तीतल्या मुला-मुलींनी रसायनशास्त्र घ्यावे. पॉलिमर, रंग, लेप ही नावे ऐकून घाबरू नये. ज्या मुलीने आईच्या हातावरचे फोड पाहिले आहेत, ती प्रयोगशाळेत गेली तर तिला वेगळा प्रश्न सुचेल. टरफलाच्या तेलाचे आणखी काय करता येईल, याबरोबरच ते कोणाच्या हाताला लागते, हेही ती विचारेल. शिकून तिथवर पोहोचायचे आणि आपला प्रश्न घेऊन पोहोचायचे.

येत्या शनिवारी दारावर टांगलेला बिब्बा दिसला तर त्याला भिऊ नका. तो कोणाची नजर उतरवत नाही. मात्र तो कोणी वेचला, कोणी सुकवला, त्याच्यासारखेच बिब्बे कोण फोडत बसले आहे, एवढे मनात आणा. मावशी गेली त्याला काही वर्षे झाली. शेवटच्या मतदानाच्या दिवशी तिने शाई लावलेले बोट मला दाखवले होते. म्हणाली, "बघ, रेषा गेल्या, पण ही खूण बसली." तिला मत देता आले, याचा तिला अभिमान होता. पण तेच बोट भाजण्यापासून वाचवणे या देशाला जमले नाही.