परमुलुखातील सभाध्यक्ष : दादासाहेब मावळणकर

लोकसभेच्या अध्यक्षाला इंग्रजीत ‘स्पीकर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘बोलणारा’. पण सभागृहात सर्वांत कमी बोलायचे असते ते त्यानेच. हे नाव इंग्लंडमधून आले. तेथील प्रतिनिधींच्या सभेचे म्हणणे राजापुढे जाऊन मांडणारा तो ‘स्पीकर’. १३७७ मध्ये टॉमस हंगरफर्ड यांच्यापासून ही पदवी रूढ झाली. म्हणजे हा माणूस बोलतो तो स्वतःसाठी नव्हे, तर सभेच्या वतीने. त्यासाठी सभेने त्याला आपला मानलेले असावे लागते. मग जो मुळात त्या मुलुखाचाच नाही, अशा माणसाला हे पद मिळते ते कसे? आदिलाबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी घरांना हा प्रश्न परका नाही. त्याचे उत्तर गणेश वासुदेव मावळणकर यांच्या चरित्रात सापडते.

मावळणकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. काही शिक्षण राजापूरकडे झाले आणि १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस गेले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये पदवी, मुंबईहून कायद्याची परीक्षा आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली, असा त्यांचा क्रम. हे शहर पेढीवाल्यांचे आणि गिरणीमालकांचे. कोकणातल्या ब्राह्मण वकिलाच्या पाठीशी तेथे ना जातीचे बळ होते, ना भाषेचे.

ते पुढे कसे आले, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यांनी एकदम निवडणुकीत उडी घेतली नाही. १९१६ मध्ये ते गुजरात सभेचे चिटणीस झाले. पुढे खेड्याच्या शेतसारा लढ्यात गांधीजी व वल्लभभाईंबरोबर राहिले. १९१९ पासून ते अहमदाबाद नगरपालिकेत होते आणि तिचे अध्यक्षही झाले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसच्या स्वागत समितीचे ते चिटणीस होते. सत्याग्रहात तुरुंगवास भोगला आणि तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या हकिकती ‘मानवताना झरणां’ या पुस्तकात लिहिल्या, त्या गुजरातीत. कस्तुरभाई लालभाईंसारख्या जैन उद्योगपतीबरोबर अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी उभारली. गटार, पाणी, शाळा, दप्तर अशी ही सारी कामे. त्यांत टाळ्या नसतात. पण दहा-वीस वर्षांत ‘हा बाहेरचा’ हे वाक्य लोकांच्या तोंडून गळून पडते.

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्यांची लढत सर कावसजी जहांगीर यांच्याशी झाली. मते पडली ६६ विरुद्ध ६३. तीनच मतांचे अंतर! १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने त्यांना निवडले, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्या विरुद्ध ३९४ ला ५५ अशी मते होती. गंमत अशी की उभे राहिलेले दोघेही मराठी, आणि त्यांतील विजयी उमेदवार अहमदाबादचा प्रतिनिधी.

आता पदाचे स्वरूप पाहू. राज्यघटनेच्या १०० व्या अनुच्छेदाप्रमाणे अध्यक्ष एरवी मत देत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतो. ९४ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याला पदावरून दूर करता येते. त्यासाठी चौदा दिवसांची सूचना आणि सभेच्या तत्कालीन एकूण सदस्यांचे बहुमत लागते. ही तरतूद कागदावरच राहिली नाही. डिसेंबर १९५४ मध्ये मावळणकरांविरुद्धच असा ठराव आला. त्यांच्या निष्पक्षतेवर बोट ठेवले गेले, पंडित नेहरू त्यांच्या बाजूने बोलले आणि ठराव फेटाळला गेला. विरोधकांचा राग अगदीच निराधार होता, असे मी म्हणणार नाही. मावळणकर अध्यक्ष झाल्यावरही काँग्रेसचे सदस्य राहिले. इंग्लंडमध्ये स्पीकर पक्ष सोडतो. आपल्याकडे तशी प्रथा रुजायला वेळ लागेल, असे त्यांचे मत होते. तोवर पक्षाच्या वादांपासून दूर राहावे, ही त्यांची भूमिका. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी. आम्हा जैनांना अनेकांतवाद तेच शिकवतो. सरकार अधिवेशन टाळून वटहुकूम काढू लागले, तेव्हा ही पद्धत लोकशाहीला धरून नाही, असे नेहरूंना पत्राने स्पष्ट कळवणारे अध्यक्ष हेच. सरकारने सभागृहात दिलेली आश्वासने पाळली की नाही हे तपासणारी समिती त्यांच्याच काळात सुरू झाली. कायद्याखाली सरकार जे नियम करते, त्यांवर नजर ठेवणारी समितीही त्यांच्याच काळातली. लोकसभेचे जनक, असा त्यांचा गौरव होतो तो यासाठी. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेतच त्यांचे निधन झाले.

हे उदाहरण एकटे नाही. चिपळूणला जन्मलेल्या आणि लग्नानंतर इंदूरला गेलेल्या सुमित्रा महाजन प्रथम महापालिकेत आल्या, उपमहापौर झाल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर गेल्या आणि २०१४ मध्ये अध्यक्ष झाल्या. इंदूरच्या हिंदी बोलणाऱ्या माणसांनी त्यांना मराठी ‘ताई’ हेच नाव दिले. वाट तीच : आधी नगर, मग सभागृह.

आपल्या भागाकडे वळतो. जुन्या हैदराबाद राज्याच्या विधानसभेत तेलुगू, मराठी, कन्नड असे सर्व भाषांचे सदस्य बसत आणि १९५२ पासून तिचे अध्यक्ष होते काशिनाथराव वैद्य. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य विभागले गेले. किनवट, राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. मध्ये राज्याची सीमा आली. पण त्याआधीची एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत विवेकवर्धिनीत महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागले, तेव्हा श्रोत्यांतल्या मराठी व कन्नड मंडळींनी त्यांची हुर्यो उडवली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मला. तेव्हा वजन आपल्या भाषेकडे होते आणि आपण समोरच्याचे ऐकून घेतले नाही. आज पारडे फिरले आहे. आपले कोणी ऐकत नाही, अशी तक्रार करताना ती सभा आठवावी.

आपल्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात रोगी आपले दुखणे मराठीत, तेलुगूत, गोंडीत, उर्दूत सांगतो. होमिओपॅथीत रोग्याचे पूर्ण ऐकल्याशिवाय औषध ठरत नाही, म्हणून या भाषा कानावर घ्याव्याच लागतात. सार्वजनिक कामाचेही तसेच आहे. तेलुगू शिकल्याने मराठी बुडत नाही. गुजरातीत पुस्तक लिहून मावळणकर कमी मराठी झाले, असे कोणी म्हणत नाही.

आपली मुले ‘आपण येथे पाहुणे’ असे ऐकत वाढली, तर ती ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, शाळेच्या समितीत पाऊल ठेवणार नाहीत. मग मराठी शाळेचा शिक्षक गेला, वर्ग बंद पडला, तरी बोलणार कोण? सभेच्या वतीने बोलायचे तर आधी सभेत बसावे लागते. आपल्या गल्लीच्या नळाचा प्रश्न, तोही शेजाऱ्याच्या भाषेत मांडण्यापासून त्याची सुरुवात करता येते.