मामाच्या वाढदिवसाला बुडती बोट

पुरुषमंडळींसाठी भेटकार्ड करायला बसलं की हात अडतो. बायकांसाठी फुलं आहेत, मोर आहे, पैठणीचा काठ आहे. मुलांसाठी हत्ती-घोडे. पण पन्नाशीतल्या काकांना काय द्यायचं? हाताने कार्डं करणाऱ्या जगभरच्या लोकांनी याचं उत्तर समुद्रात शोधलंय. इंग्लंड-अमेरिकेत तर ‘पुरुषांची कार्डं’ हा या छंदातला वेगळा कप्पाच आहे. निळा कागद, नांगर, सुकाणूचं चाक, दीपस्तंभ, कडेने सुतळी, झालं कार्ड. ज्याने मांडव्याच्या लाँचपलीकडे जन्मात समुद्रप्रवास केला नाही, त्याच्याही वाट्याला नांगर.

मीही तेच करत होते. माझा मामा मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता, त्यामुळे मला तर हक्कच. त्याच्या पासष्टीला मी सिग्नलच्या बावट्यांत त्याची आद्याक्षरं लिहिली. वर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एन, खाली निळा-पांढरा-लाल-पांढरा-निळा अशा आडव्या पट्ट्यांचा सी. मामाने चष्मा लावला, कार्ड लांब धरलं आणि विचारलं, “अगं, बुडतंय कोण? तू का मी?”

एनच्या खाली सी चढवला की दर्यावर त्याचा अर्थ एकच: आम्ही संकटात आहोत, ताबडतोब मदत हवी.

त्या दिवसापासून मी सजावटीचा नाद सोडला आणि आधी बावटे वाचायला शिकले. आंतरराष्ट्रीय सिग्नल संहितेत अक्षरांचे २६ बावटे आहेत, आकड्यांचे १० निमुळते, शिवाय आणखी चार. रंग पाचच: लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा. लांबून, धुक्यातून, हलत्या डेकवरून ओळखू येतील असे. बहुतेक बावट्यांना स्वतःचा अर्थ असतो. ए म्हणजे आमचा पाणबुड्या खाली आहे, लांबून आणि सावकाश जा. ओ म्हणजे माणूस पाण्यात पडला. जे म्हणजे बोटीला आग लागलीये आणि पोटात घातक माल आहे, जवळ येऊ नका. (एखाद्या जयंतरावांच्या कार्डावर नुसता जे लावून बघा.)

या संहितेचा पहिला अवतार ब्रिटिश व्यापार खात्याने १८५७ साली काढला, तेव्हा बावटे १८च होते आणि त्यांत स्वर नव्हते. स्वर दिले तर कुठल्या ना कुठल्या भाषेत शिवी जुळेल, ही भीती! खलाशांची जीभ माहीत असलेल्या माणसांनीच हा निर्णय घेतला असणार. आजची संहिता १ एप्रिल १९६९पासून लागू आहे, नऊ भाषांत. म्हणजे रशियन कप्तानाने चढवलेला बावटा जपानी कप्तान आपल्या भाषेतल्या पुस्तकात बघतो आणि काम भागतं.

कार्ड करणाऱ्याला लागणारी जोडी या पुस्तकात आहेच. यू एकटा असला तर सांगतो, तुम्ही धोक्याकडे चालला आहात. डब्ल्यू एकटा असला तर डॉक्टर हवाय. पण यूखाली डब्ल्यू चढवला की अर्थ होतो, तुमचा प्रवास सुखाचा होवो. निवृत्तीला, परदेशी निघालेल्या भाच्याला, नव्या नोकरीला यापेक्षा नेमका मजकूर कुठला? निरोपासाठी पीसुद्धा चालेल, निळ्यात पांढरा चौकोन. बंदरातल्या बोटीवर तो चढला की सगळ्यांनी बोटीवर परतायचं, बोट सुटतेय.

करायला सोपं आहे. २५० जीएसएमचा ए-४ कागद अर्धा कापायचा आणि घडी घालायची. पण आधी कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेला तो नरमाईने वाकतो तिकडे त्याचे तंतू आहेत. घडी त्यांना समांतर हवी, नाहीतर पाठ तडकते. पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने आधी चर पाडायचा, मग घडी. डब्ल्यूसाठी तीन चौकोन, २४ मिलिमीटरचा निळा, त्यावर १६चा पांढरा, त्यावर ८चा लाल. यूसाठी २४च्या पांढऱ्या चौकोनावर १२चे दोन लाल तुकडे, एक वर दोरीच्या बाजूला, दुसरा खाली तिरपा समोर. फेविकॉल टूथपिकच्या टोकाएवढाच. जास्त झाला की पातळ कागद पापडासारखा कुरळा होतो. दोरीला पतंगाची सद्दी उत्तम. सगळं जुळलं की रात्रभर मोल्सवर्थच्या कोशाखाली दाबून ठेवायचं. एवढा जड कोश घरात असल्याचा एक उपयोग हा.

मागचा कागद मी हातकागद घेते. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासून हातकागद संस्था आहे. तिथला सुती चिंध्यांचा कागद बावट्यांखाली फार शोभतो. त्याची दातेरी कड कापू नका, लाटेच्या फेसाचं काम तीच करते.

आता नांगर. छापील चित्रांत त्याचा वरचा आडवा दांडा आणि खालचे वाकडे हात एकाच पातळीत दाखवतात. तसा नांगर तळाशी नुसता लोळेल. जुन्या पद्धतीच्या खऱ्या नांगरात दांडा हातांच्या काटकोनात असतो, म्हणून एक फाळ मातीत रुततो. कार्डात हे साधायला दांड्याची पट्टी वेगळी कापून नांगराच्या फटीतून ओवायची: कार्ड उघडलं की ती उभी राहते, मिटलं की पडते. नांगराला दोर गुंडाळलेलं चित्र दिसायला छान, पण प्रत्यक्षात तो गुंता म्हणजे खलाशाची डोकेदुखी. तरी नौदलांच्या चिन्हांत तो मानाने मिरवतो. आपल्या नौदलाच्या २०२२च्या नव्या ध्वजातही नांगर आहे, आणि भोवतीचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला.

गाठीच्या बाबतीत मात्र मी कोणाला सूट देत नाही. कार्डावर दोन दोर जोडायचे तर निरगाठ चपटी बसली पाहिजे. प्रत्येक दोराचं टोक स्वतःच्याच दोराशेजारून बाहेर आलं की ती बरोबर. टोकं आडवी फाकली की ती चुकली. ती सुटते, नाहीतर आवळून बसते. खलाशी आधी गाठ बघतो, मग तुमचं हस्ताक्षर.

ऑफिसातल्या कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या मित्रासाठी आणखी एक सुचवते: बोटीच्या कुशीवरचं ते वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. बोट किती भरावी याची ही खूण सॅम्युअल प्लिमसोलने खासदार म्हणून भांडून १८७६च्या कायद्यात आणली. कारण जास्त भरलेल्या बोटी बुडत होत्या आणि मरत होते खलाशी. कार्डाच्या आत एवढंच लिहा: रेघ पाण्याखाली गेलीये, घरी जा.

मामाला पुढच्या वर्षी मी यू-डब्ल्यूचं कार्ड दिलं. ते त्याने व्यवस्थित फाइलमध्ये लावलं. कपाटाच्या दारावर अजून एन-सीच आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक बोटीवाल्याला तो ते आधी दाखवतो.