नवी वस्तू आणि जुनी सवय

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दर महिन्याला काही ना काही नवे येते. कधी नव्या चवीचे बिस्किट, कधी नवा साबण, कधी 'आरोग्यदायी' असा शिक्का मारलेले पीठ. कंपनीचा माणूस येतो, गल्ल्याजवळ पुड्यांची माळ टांगतो आणि 'दहावर एक मोफत' अशी योजना दुकानदाराला सांगून जातो. तिकडे टीव्हीवर जाहिरात सुरू होते. चार-सहा महिन्यांनी त्याच दुकानात जावे, तर ती माळ नाहीशी झालेली असते आणि त्या खिळ्याला दुसरीच माळ लटकत असते. 'ते कुठे गेले हो?' असे विचारले, की दुकानदार दोन शब्दांत निकाल देतो, 'मागणी नाही!'

मोठ्या कंपनीच्या दृष्टीने हे दोन शब्द म्हणजे वार्षिक अहवालातील एक ओळ. परंतु बचत गटातून कर्ज काढून मसाले विकायला निघालेली गृहिणी, किंवा नोकरी सोडून सरबताचा कारखाना टाकणारा तरुण यांच्या दृष्टीने त्यांचा अर्थ फार वेगळा असतो. घरात पडून राहिलेली पाकिटे, उलटून गेलेली मुदत आणि न चुकणारा बँकेचा हप्ता! म्हणूनच, नवी वस्तू बाजारात का टिकते आणि का टिकत नाही, हा प्रश्न केवळ मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांचा नाही. सुदैवाने गेल्या चार दशकांत भारतीय बाजारपेठेने या प्रश्नाची उत्तरे उघडपणे लिहून ठेवली आहेत.

गरम दुधाची अडचण

उदारीकरणाला तीन वर्षे झाली होती. मध्यमवर्गाच्या हाती पैसा खुळखुळू लागला होता. अशा वेळी, 1994 साली, केलॉग ही अमेरिकेतील बलाढ्य कंपनी कॉर्नफ्लेक्स घेऊन भारतात उतरली. कंपनीचा हिशेब वरवर पाहता बिनचूक होता. सकाळी प्रत्येकजण काहीतरी खातोच. त्यातील थोड्या लोकांनी जरी कॉर्नफ्लेक्स खाल्ले, तरी केवढी मोठी बाजारपेठ!

हिशेबात राहून गेले ते आपले दुधाचे पातेले. पाश्चात्त्य घरात कॉर्नफ्लेक्सवर फ्रिजमधले थंड दूध ओतले जाते आणि ते कुरकुरीत राहतात. आपल्याकडे सकाळी दूध येते ते आधी तापते. त्या गरम दुधात पडलेल्या कॉर्नफ्लेक्सचा पाहता पाहता लगदा झाला. शिवाय आपली न्याहारी म्हणजे पोहे, उपमा, इडली किंवा पराठा. ती गरम हवी आणि तिखटमिठाची हवी. त्यात किंमतही देशी कॉर्नफ्लेक्सपेक्षा चढी. कुतूहलापोटी पहिला खोका घरोघरी आला. दुसरा आणावा असे अनेकांना वाटलेच नाही.

येथे वस्तूच्या दर्जात काही खोट नव्हती. चूक होती ती प्रतिस्पर्धी ओळखण्यात. केलॉगची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या कॉर्नफ्लेक्सशी नसून कढईतल्या कांदेपोह्यांशी होती. पुढे कंपनीने लहान पाकिटे आणली, मुलांना आवडतील अशा चॉकलेटच्या चवीकडे मोर्चा वळवला आणि भारतात जम बसवला. पण हा धडा शिकण्यात काही वर्षे गेली.

जेवण नव्हे, मधल्या वेळचे खाणे

याच्या उलट उदाहरण मॅगीचे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला नेस्ले कंपनीने हे नूडल्स भारतात आणले, तेव्हा नोकरी करणाऱ्या स्त्रियांची स्वयंपाकातून सुटका करण्याचा विचार त्यामागे होता. प्रतिसाद थंड होता. कारण उघड आहे. वरणभात आणि पोळीभाजीच्या जागी शेवयांसारखा विदेशी पदार्थ वाढणे आपल्या घरांना मानवणारे नव्हते.

मग लक्ष गेले ते शाळेतून भुकेल्या पोटी परतणाऱ्या मुलांकडे. दुपारचे जेवण होऊन गेलेले असते, रात्रीचे दूर असते आणि आईला त्या वेळी वेगळा घाट घालायचा नसतो. मॅगी नेमकी या फटीत शिरली. तिने कोणत्याही पदार्थाला ताटातून उठवले नाही. 'दोन मिनिटे' हे आश्वासन आईसाठी होते आणि सोबतची मसाल्याची पुडी मुलांच्या जिभेसाठी. 2015च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तिच्यावर बंदी आणली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून नव्याने तपासणी करण्यास सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात आली. ग्राहकही परतले. एखादी वस्तू दिनक्रमात घट्ट बसली, की ती केवढा आघात सोसू शकते, हे त्यातून दिसले. अर्थात, वर्षानुवर्षांच्या विश्वासाचे फडताळ काही दिवसांत रिकामे होऊ शकते, हेही त्याच वर्षी दिसले.

उंदरांची परीक्षा

ग्राहकाच्या घराआधी वस्तूला आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो म्हणजे दुकानाचा. मुंबईतील पॅराशूट खोबरेल तेलाची कथा या दृष्टीने मोठी रंजक आहे. पूर्वी खोबरेल तेल पत्र्याच्या डब्यात येत असे. डबा महाग, दिसायला ओबडधोबड आणि गंजणारा. मस्जिद बंदरच्या व्यापारी घराण्यातील हर्ष मारीवाला यांनी डब्याऐवजी प्लास्टिकची बाटली आणायचे ठरवले. ती स्वस्त होती आणि फळीवर अधिक उठून दिसणारी होती. ग्राहकाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. अडून बसले ते दुकानदार.

त्यांचा अनुभव कडू होता. त्यापूर्वी आलेल्या प्लास्टिकच्या चौकोनी बाटल्या तेलाच्या वासाने उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि तेलाने दुकानातील इतर माल खराब झाला होता. कंपनीने या आक्षेपाला जाहिरातीने उत्तर दिले नाही. चौकोनी बाटलीच्या कडेला उंदराचे दात लागतात, हे ओळखून तिने बाटली गोल केली, बाहेर तेलाचा थेंब राहणार नाही अशी काळजी घेतली आणि मग त्या बाटल्या चक्क पिंजऱ्यात उंदरांबरोबर ठेवल्या. बाटल्या शाबूत राहिल्या. तो पुरावा घेऊन विक्रेते दुकानदारांकडे गेले. पत्र्याचा डबा हटायला तरीही काही वर्षे लागली, पण हटला.

पुढची गंमत आपल्या हिवाळ्याची. साधारण 24 अंशांच्या खाली खोबरेल तेल गोठू लागते आणि थंडीत बाटली उन्हात ठेवण्याचा सोपस्कार महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी वर्षानुवर्षे केला आहे. रुंद तोंडाची बरणी हे त्यावरचे साधे उत्तर होते. बोट घालून तेल घेता आले की झाले! असा शोध प्रयोगशाळेत लागत नाही. तो मोरीच्या खिडकीत ठेवलेल्या बाटलीकडे पाहून लागतो.

पुडीचे गणित

किमतीबाबत आपल्याकडे एक ढोबळ समज आहे, की स्वस्त वस्तू खपते. खरा प्रश्न 'किती स्वस्त' हा नसून 'एका वेळी खिशातून किती जाणार' हा असतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाकडे महिन्याचा किराणा भरण्याइतकी रक्कम एकदम येत नाही. त्यामुळे शॅम्पूची बाटली त्यांच्यासाठी नव्हतीच. तामिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पुडीत भरून विकण्याची कल्पना रुजवली. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली अवघ्या 15 हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शॅम्पू सुरू केला. पुढे ही कंपनी कॅव्हिनकेअर नावाने नावारूपाला आली.

पुडीमुळे किमतीचा अडसर दूर झाला. सवयीचा राहिलाच होता. गावोगावी केस साबणाने धुतले जात. तेव्हा कंपनीची माणसे गावात जाऊन लोकांसमोर एखाद्या मुलाचे केस शॅम्पूने धुवून दाखवत आणि जमलेल्यांना ते केस हाताने चाचपून पाहायला सांगत. कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी मोफत न्या, अशी योजनाही काढली गेली. काही काळाने त्यात बदल करून रिकाम्या पुड्या केवळ चिकच्याच चालतील, असे ठरले. फुकट मिळालेली पहिली पुडी हे आमंत्रण होते. पुढच्या पाच पुड्या मात्र ग्राहकाने स्वतःच्या पैशाने घेतल्या आणि त्यातच सवय लागली. 1990च्या दशकाच्या अखेरीस चिकची पुडी 50 पैशांत मिळू लागली. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनाही मग याच वाटेने यावे लागले.

स्वस्ताईचा शिक्का

मात्र स्वस्ताईला आणखी एक बाजू आहे आणि ती भल्याभल्यांना चकवून गेली. गोदरेज कंपनीने 'छोटूकूल' नावाचा चिमुकला फ्रिज तयार केला. 43 लिटरचा, उचलून नेण्याजोगा, कॉम्प्रेसर नसलेला आणि बॅटरीवरही चालणारा. थंड हवा सांडू नये म्हणून त्याचे झाकण वरून उघडत असे. किंमत सव्वातीन हजारांच्या आसपास. ज्यांच्या घरी फ्रिज नाही अशा ग्रामीण कुटुंबांसाठी तो होता आणि त्यासाठी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे, स्त्रियांना एकत्र करून त्यांची मते आवर्जून घेतली गेली होती. म्हणजे ग्राहकाला विचारले नाही, असा आरोप येथे करता येत नाही.

तरीही ग्रामीण घरांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला नाही. गरज होती, पण फ्रिज ही आपल्याकडे केवळ दूध-भाजी ठेवण्याची पेटी नाही. ती घराची ऐपत सांगणारी वस्तू आहे. पाहुण्यांच्या नजरेत भरावा असा फ्रिज आणखी काही पैसे साठवून किंवा हप्त्याने मिळत असेल, तर प्लास्टिकच्या पेटीवर पैसे का घालावेत, असा विचार साहजिक होता. पुढे कंपनीला शहरी ग्राहकांकडे, गाडीत किंवा छोट्या दुकानात वापरणाऱ्यांकडे वळावे लागले.

टाटांच्या नॅनोची कहाणीही याच वळणाची. दुचाकीवर चौघांचे कुटुंब पावसात भिजत जाताना पाहून रतन टाटा यांना ही कल्पना सुचली. 2008च्या जानेवारीत दिल्लीत गाडीचे अनावरण झाले, तेव्हा साऱ्या जगाने तिची दखल घेतली. सिंगूरहून साणंदला कारखाना हलवावा लागल्याने विलंब झाला, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी धास्ती निर्माण केली. पण सर्वांत मोठे ओझे 'जगातील सर्वांत स्वस्त गाडी' या बिरुदाचेच ठरले. दुचाकीवरून मोटारीत बसणारा माणूस केवळ पावसापासून आडोसा शोधत नसतो. आपण एक पायरी वर चढलो, हे त्याला चारचौघांत मिरवायचे असते. दारात उभी राहिलेली गाडी 'आम्हाला एवढेच परवडले' असे सांगू लागली, तर ती कोण घेणार? स्वस्त गाडी अशी झालेली प्रतिमा ही चूक होती, असे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. वर्षाला अडीच लाख गाड्या तयार करण्याच्या क्षमतेचा कारखाना उभा राहिला. वर्षाला एक लाखाचा टप्पाही कधी गाठता आला नाही. 2018मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झाले.

कसोटी दुसऱ्या खरेदीची

या साऱ्या कथांतून हाती काय लागते? कारखान्यातून पाहिले, की वस्तू मोठी दिसते आणि ग्राहकाचे घर लहान. घरातून पाहिले, की घर आधीच भरलेले असते. तिथली न्याहारी ठरलेली असते, तेलाची जागा ठरलेली असते, महिन्याचा खर्च ठरलेला असतो आणि शेजाऱ्यांपुढील मानही ठरलेला असतो. नव्या वस्तूला या भरल्या घरात सरकून जागा करायची असते.

छोट्या उद्योजकाने म्हणूनच पहिल्या दिवशी पाच हजार पाकिटे छापून घेण्याची घाई करू नये. आप्तेष्ट 'छानच झालंय हो' म्हणतात, त्यावर तर मुळीच विसंबू नये. कौतुकाला पैसे पडत नाहीत. पन्नास पाकिटे अनोळखी घरांत पूर्ण किमतीला विकावीत आणि तीन आठवडे थांबावे. त्यांपैकी किती जण आपणहून दुसरे पाकीट मागतात, हाच खरा कौल. न मागणाऱ्यांच्या घरी जावे आणि अर्धे उरलेले पाकीट कोठे पडले आहे, ते पाहावे. चटणी बरी आहे, पण पाकीट एकदा फोडले की नीट बंद होत नाही आणि तिला दमटपणा येतो, असे काहीतरी तिथेच कळते.

मग पैशांचा हिशेब. समजा, पाकिटाची छापील किंमत 100 रुपये आहे. त्यातून दुकानदाराचे 15-20 आणि वितरकाचे सात-आठ वजा करावेत. वाहतूक, परत आलेला माल आणि उधारीत अडकलेली रक्कम धरावी. उरलेल्या रकमेत कच्चा माल, मजुरी, पाकीट आणि बँकेचा हप्ता बसत नसेल, तर खप जितका वाढेल तितका तोटा वाढेल. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना, तसेच वजन, किंमत आणि तारखांचा नीट मजकूर यांनाही पर्याय नाही. जाहिरातीचा विचार या सगळ्यानंतर करावा. जाहिरात पहिले पाकीट खपवू शकते. दुसरे पाकीट पहिल्या पाकिटानेच खपवायचे असते.

कोपऱ्यावरच्या दुकानात पुढच्या महिन्यातही एखादी नवी माळ टांगली जाईल. तिचे भवितव्य काय, हे ओळखण्यासाठी टीव्ही पाहण्याची गरज नाही. गल्ल्याशी थोडा वेळ उभे राहावे आणि एखादे पोर 'आईने परवासारखंच आणायला सांगितलंय' असे म्हणत येते का, एवढेच पाहावे.