अडीच मिनिटांचं पाठांतर

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरत असतात, तेव्हा रेसवाल्यांच्या नजरा असतात घोड्याच्या चालीवर, घामावर. समालोचक बघत असतो जॉकीचा सदरा. पिवळ्यावर काळे पट्टे, लाल टोपी: हा अमुक. हिरव्यावर पांढरे ठिपके: हा तमुक. ओठ हलतात, आवाज नाही. घोडे गेटपाशी पोचेपर्यंत दहा-बारा नावं रंगांसकट तोंडात बसली पाहिजेत.

मोटारींच्या शर्यतीत निवेदकाला गाडीवर रंगवलेल्या मोठ्या आकड्याचा आधार असतो. घोड्याचा आकडा खोगिराखालच्या कापडावर, आणि घोळक्यात तो शेजारच्या घोड्याआड झाकला जातो. म्हणून सगळी भिस्त रंगांवर. प्रत्येक मालकाचे रंग नोंदवलेले असतात. एकाच मालकाचे दोन घोडे धावत असले, तर सदरा तोच, फरक टोपीचा! पलीकडच्या सरळीत घोडे एकमेकांना चिकटून पळतात, तेव्हा दुर्बिणीत धडपणे दिसतात त्या टोप्याच.

नावांचा जाच वेगळाच. घोड्याच्या नावाला रोमन लिपीत मोकळ्या जागांसह 18 अक्षरांची मर्यादा आहे, पण जीभ अडखळायला तेवढी पुरतात. 1943 साली पहिली इंडियन डर्बी जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुलने, 2010 ची जॅकलिनने, 2016 ची डेझर्ट गॉडने. ही तीन नावं एका दमात, वेग न सोडता चार वेळा म्हणून बघावीत. पहिलं नाव श्वासाला किती महाग पडतं, ते लगेच कळतं.

डर्बी 2400 मीटरची, साधारण अडीच मिनिटांची. सुरुवातीला समालोचक आवाज राखून ठेवतो. पुढच्यापासून मागच्यापर्यंत क्रम सांगायचा, मग पुन्हा पुढून. शेवटच्या वळणानंतर मात्र मागचे घोडे सोडून द्यावे लागतात. ही निवड मला या कामातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते, कारण कडेने मुसंडी मारणारा घोडा नेमका मागूनच येतो. तो वेळेवर दिसला नाही, तर स्टँडमधल्या हजारोंना चुकीचं चित्र ऐकू जातं. त्यातल्या कित्येकांच्या खिशात त्या घोड्याचं तिकीट असतं.

मुंबईला एकट्या आवाजाची सवय जुनी आहे. ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान 1930 च्या दशकात इथल्या क्रिकेट सामन्यांचं धावतं वर्णन एकट्याने करायचे. माइक दुसऱ्याशी वाटून घेणं त्यांना मान्य नव्हतं. पण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये उसंत असते. इथे ती नाही.

महालक्ष्मीचं समालोचन इंग्रजीत चालतं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत आणलं, पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतींच्या घाटांवर निवेदक मराठीतच घाट गाजवतात. मग परळ-लालबागपासून हाकेच्या अंतरावरच्या या मैदानात एखादी शर्यत तरी मराठीत ऐकायला मिळावी, असं फार वाटतं.

दोन घोडे खांबापाशी बरोबरीने आले की समालोचक दोन्ही नावं घेतो आणि थांबतो. निकाल सांगणं त्याचं काम नाही. निकाल फोटो पाहून पंच देतात. स्टँड ओरडत असतो. माइक बंद करून समालोचक पाण्याचा घोट घेतो आणि रेसकार्डाचं पान उलटतो. मघाचा पिवळा सदरा आता पुसून टाकायचा. पुढच्या शर्यतीत त्याच रंगाखाली दुसराच घोडा आहे.