गाडी टायर आतूनच का खाते?

२८ ऑगस्ट २०११. बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत सुरू व्हायची होती. रेड बुल संघाचा सेबास्टियन फेटेल सर्वांत पुढच्या जागेवर होता, तरी त्याच्या संघातले तंत्रज्ञ काळजीत होते. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीनंतर पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर फोड आलेले दिसले होते. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने पुढची चाके जास्तीत जास्त ४ अंश कलवावीत, अशी शिफारस केली होती. रेड बुलने ती मर्यादा किंचित ओलांडली होती. पात्रता फेरी संपल्यावर गाडीची मांडणी बदलता येत नाही, आणि त्या काळच्या नियमानुसार पहिल्या दहा गाड्यांना पात्रता फेरीतल्याच टायरवर शर्यत सुरू करावी लागे. संघाने टायर बदलण्याची परवानगी मागितली; ती मिळाली नाही. फेटेल आणि त्याचा जोडीदार मार्क वेबर या दोघांनीही सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच आत येऊन टायर बदलले. शेवटी फेटेल पहिला आला, वेबर दुसरा. निकाल चांगला लागला म्हणून धोका लहान होता, असे मात्र नाही.

हा किस्सा शर्यतीचा असला, तरी त्यातली भानगड रस्त्यावरच्या वेगवान गाड्यांच्या मालकांना नेहमी भेटते. महागडी स्पोर्ट्स सेदान, टायर बारा-पंधरा हजार किलोमीटरही न चाललेले, बाहेरून पाहिले तर खाचा अजून चांगल्या खोल. गाडी जॅकवर चढवली की आतली कड गुळगुळीत, कधी कधी तर तारा बाहेर आलेल्या. ‘साहेब, गाडी टायर खातेय’ हे टायरवाल्याचे वाक्य ऐकून मालक गोंधळतो, कारण त्याने रोज पाहिलेली बाजू ठणठणीत असते.

चपलेची टाच एका बाजूने झिजते, तेव्हा आपण चपलेला दोष देत नाही. चालण्याची ढब पाहतो. टायरचेही तसेच आहे. चाक रस्त्यावर कोणत्या कोनात टेकते, यावर झीज ठरते. हे कोन मुख्यतः तीन: कॅम्बर, टो आणि कास्टर. कास्टरचा संबंध स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याशी आणि गाडी सरळ धावण्याशी जास्त. टायर झिजवण्यात त्याचा वाटा थोडा. खरे गुन्हेगार पहिले दोन.

गाडीसमोर उभे राहून चाकाकडे पाहिले आणि त्याचा वरचा भाग गाडीच्या आत झुकलेला दिसला, तर तो ऋण कॅम्बर. वेगवान गाड्यांत कंपनीच तो थोडा जास्त ठेवते, आणि त्याला कारण आहे. वळणावर गाडीचे धूड बाहेरच्या बाजूला कलते. त्याबरोबर बाहेरचे चाकही बाहेर कलू पाहते, आणि वळणाचा बहुतेक भार नेमका त्याच चाकावर असतो. चाक आधीपासून आत झुकवून ठेवले असेल, तर त्या क्षणी ते जवळजवळ उभे होते आणि टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला चिकटते. पकड वाढते. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट ही साधी, स्वस्त रचना असलेल्या गाड्यांत हा झुकाव जास्त लागतो, कारण गाडी कलताना ही रचना स्वतःहून चाक फारसे सावरून धरत नाही. दोन आडव्या भुजांची डबल विशबोन रचना हे काम बरेच चांगले करते.

पण रस्ता म्हणजे केवळ वळणे नव्हेत. स्पा सर्किटवरही वळणांनंतर लांबलचक सरळ पट्टा येतो आणि तिथे झुकलेले चाक आतल्या कडेवरच धावते. भार तिथे, उष्णताही तिथेच. शिवाय आतली कड जास्त दाबली गेल्याने तिथली त्रिज्या किंचित कमी होते. म्हणजे एकाच टायरचा आतला भाग लहान चाकासारखा आणि बाहेरचा मोठ्या चाकासारखा वागतो. दोघांना एका फेऱ्यात अंतर मात्र सारखेच कापायचे असते, म्हणून आतले रबर रस्त्यावर थोडे फरफटत जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी निघालेल्या गाडीच्या नशिबी घाटाचा भाग सोडला तर बहुतेक सरळ रस्ताच असतो. वळणासाठी दिलेला झुकाव मालक सरळ रस्त्यावर फेडत राहतो.

तरीही एकटा कॅम्बर टायर तितका लवकर मारत नाही. टो मारतो. दोन्ही पाय जोडून उभे राहिल्यावर पावलांची टोके आत वळलेली असतात की बाहेर, तसा हा कोन. वरून पाहिले तर चाक गाडीच्या दिशेशी तंतोतंत समांतर नसते. येथे एक साधा हिशेब करता येतो. चाक फक्त ०.१ अंशाने वाकडे असेल, तर साधारण आकाराच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या टोकांत जेमतेम १ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण चाक ज्या दिशेला पाहते आणि गाडी ज्या दिशेला जाते, त्यांतला हा फरक दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर आडव्या घासण्याइतका होतो. दहा हजार किलोमीटरमध्ये साडेसतरा किलोमीटर. रबर लवचिक असल्याने ते सगळे अंतर सलग घसरत नाही. टेकलेला भाग ताणला जातो आणि रस्ता सोडताना सुटतो. पण हे ताणणे-सुटणे सेकंदाला डझनभर वेळा होते आणि प्रत्येक वेळी थोडे रबर जाते. कॅम्बरने भार आतल्या कडेवर आणायचा आणि टोने ती कड कानशीसारखी घासायची, अशी ही जोडी आहे.

वेगवान गाड्यांत मागच्या चाकांनाही मुद्दाम थोडा आतला टो दिलेला असतो, म्हणजे जोरात ब्रेक मारला किंवा वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला तरी मागची बाजू सुटत नाही. ही तडजोड योग्यच म्हणावी लागेल. मागचे टायर लवकर गेलेले परवडतील, गाडी गरगर फिरलेली नाही. प्रश्न उभा राहतो तो या बारीक तडजोडीत आणखी काही मिसळले की. खड्ड्यात आदळून खालची भुजा थोडी वाकते. जोडांतले रबरी बुश फाटतात आणि कोन गाडी उभी असताना एक, तर चालताना भलताच होतो. हौशी मालक गाडी ‘बसवायला’ आखूड स्प्रिंग टाकतात. गाडी खाली आली की बहुतेक रचनांत झुकाव आपोआप वाढतो आणि टोही बदलतो. स्प्रिंगचे पैसे मोजले जातात, त्यानंतरच्या अलाइनमेंटचे विसरले जातात.

अशा गाड्यांचे रबरही मुळात मऊ. अमेरिकेतल्या प्रमाणपद्धतीनुसार टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा छापलेला असतो. १०० हे तुलनेचे माप. ४०० आकड्याचा टायर चाचणीत त्याच्या चौपट टिकतो. चाचणी कंपन्या स्वतःच करतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काही ठरवू नये. पण साध्या प्रवासी टायरवर ४०० च्या पुढचा आकडा सहज दिसतो आणि ट्रॅकच्या दिशेने झुकलेल्या टायरवर २०० किंवा त्याहून कमी, एवढ्यावरून अंदाज येतो.

साध्या गाडीत ठराविक अंतरानंतर टायरची अदलाबदल करून झीज वाटून टाकता येते. येथे ती वाट बऱ्याचदा बंद असते. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील, तर पुढचे मागे जाणार नाहीत. नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी असेल, तर रिमवरून काढल्याशिवाय डावे उजवीकडे जाणार नाही. अशा वेळी कोन बरोबर ठेवणे एवढा एकच उपाय हाती उरतो.

झिजलेल्या कडेचा धोका कोरड्या रस्त्यावर फारसा जाणवत नाही, किंबहुना कमी खाचांचा टायर कोरड्यात छान चिकटतो. पाऊस पडला की चित्र बदलते. अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरचा अभ्यास करून एक ढोबळ सूत्र मांडले. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या (पीएसआयमध्ये) वर्गमुळाला १०.३५ ने गुणले की ताशी मैलांत तो वेग मिळतो, ज्याला टायर पाण्यावर तरंगू लागू शकतो. मोटारीला हे सूत्र हुबेहूब लागू होत नाही, पण अंदाजापुरते वापरतात. ३३ पीएसआयला उत्तर येते ताशी सुमारे ९५ किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागावर मोटारींना १०० ची परवानगी आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. या सूत्रामागे एक अट आहे: रस्त्यावरचे पाणी टायरच्या खाचांत मावेनासे झालेले असावे. नव्या टायरला त्यासाठी बरेच पाणी साचावे लागते. आतली कड गुळगुळीत झालेल्या टायरला त्या कडेखाली पाण्याचा पातळ थरही पुरतो, आणि झुकलेल्या चाकाचा भार नेमका तिथेच असतो. रुंद टायरला बाजूला सारायचे पाणीही जास्त.

मुख्य खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. पण अगदी कडेवर असे उंचवटे नसतात. ब्रिटनमध्ये तर कायदाच टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीवर १.६ मिलिमीटर मागतो. उरलेल्या कडेबद्दल इतका कडक नाही. म्हणजे कागदोपत्री खाचांची खोली पुरेशी आणि आतली कड मात्र झिजलेली, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

हे तपासायला यंत्र लागत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवले की पुढच्या टायरची आतली कड दिसते. मागच्यासाठी मोबाइलचा टॉर्च घेऊन वाकावे लागते. मग तळहात टायरवर आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीच्या दातांसारखे लागले, तर टो बिघडलाय. फक्त आतून, पण सपाट झीज असेल तर कॅम्बर. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर बघावेत. तार दिसली असेल, तर हात फिरवायचाही नाही आणि गाडीही चालवायची नाही.

आपल्याकडे ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका दमात म्हटले जाते, पण ही दोन वेगळी कामे आहेत. स्टिअरिंग थरथरते ते बॅलन्सिंगचे. कोन दुरुस्त होतात ते अलाइनमेंटमध्ये. पुढच्याच दोन चाकांचे अलाइनमेंट वेगवान गाडीला पुरत नाही. मागचा अॅक्सल तिरका असेल, तर पुढची चाके कितीही सरळ केली तरी गाडी खेकड्यासारखी चालते आणि स्टिअरिंग वाकडे राहते. चारही चाकांचे माप घ्यावे आणि आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे असलेला छापील कागद मागून घ्यावा. कागदावर सगळे हिरवे आले म्हणजे सगळे ठीक, असे नाही. कंपनीने दिलेली मर्यादा रुंद असते. डावीकडचा आकडा तिच्या एका टोकाला आणि उजवीकडचा दुसऱ्या टोकाला असेल तरी यंत्र हिरवेच दाखवते. माप घेण्याआधी हवा तपासली का, बुश आणि जोड हलवून पाहिले का, हेही विचारावे. काही युरोपीय कंपन्या माप घेताना सीटवर ठराविक वजने ठेवायला सांगतात, कारण गाडी दबली की कोन बदलतात. बऱ्याच गाड्यांत कॅम्बर फिरवायची सोय मुळातच नसते. तिथे ‘कॅम्बर सेट केला’ म्हणून पैसे घेणाऱ्याला कोणता बोल्ट फिरवला, ते दाखवायला सांगावे.

गेलेले रबर कुठे जाते, हा प्रश्नही आता नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की टायर टिकावेत म्हणून त्यांत घालतात त्या एका रसायनापासून ६पीपीडी-क्विनोन तयार होते. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यांत पोचते आणि तिथले कोहो सामन मासे मरतात. युरोपीय संघाच्या २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो ७ नियमांत टायरमधून किती रबर झिजून जाऊ शकते, यावर प्रथमच मर्यादा येत आहे. ती चाचणी मात्र टायरची असेल. ज्या गाडीवर तो बसेल, तिची चाके सरळ आहेत की नाहीत, याची नाही.